लॅपटॉप घेताय? झाकणावरचं नाव नंतर, पोटाखालचा नंबर आधी

"कोणत्या कंपनीचा घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं आणि ते मिळणार नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडतो. शेजाऱ्याने त्याला बजावलेलं असतं की अमुक कंपनीच्या वाटेला जाऊ नकोस, आमचा दीड वर्षात गेला. मेहुणा म्हणत असतो, तोच घे, आमचा आठ वर्षं चाललाय. दोघंही खरं बोलत असतात. दोघांच्या लॅपटॉपवर नाव एकच असलं तरी बांधणी, आतले भाग आणि विकत घेणाऱ्याला मिळालेली सेवा यांत कशाचा कशाला मेळ नसतो.

म्हणून खरेदीचा क्रमच उलटा करायला हवा. कंपनी सगळ्यात शेवटी ठरवायची. त्याआधी काय काय बघायचं ते पायरी-पायरीने सांगतो. सगळ्या पायऱ्यांना सारखा वेळ लागत नाही. पहिलीला दहा मिनिटं पुरतात, दुसरी आणि सहावी मात्र निवांत वाचा.

पायरी १ : काम लिहून काढा

चार ओळी पुरेत. रोज काय उघडणार? ब्राउझर आणि लिखाण, की कोडिंग, की व्हिडिओ एडिटिंग, की गेम? एखादं ठरावीक सॉफ्टवेअर लागणारच असेल, हिशेबाचं, डिझाइनचं, कॉलेजने सांगितलेलं, तर त्याचं नाव लिहा आणि ते विंडोजवर चालतं की मॅकवर ते आत्ताच तपासा. लॅपटॉप रोज पाठीवर वागवायचा आहे की टेबलावरून हलणारच नाही, हेही लिहा.

"पुढेमागे व्हिडिओ एडिटिंगही शिकेन म्हणतोय" अशी कामं यादीत घेऊ नका. जे काम आज करत नाही त्याच्यासाठी ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रेखाटणारी वेगळी चिप) घेतलं, तर रोज वागवायचं वजन आणि पंख्याचा आवाज तेवढा पदरात पडतो.

पायरी २ : ब्रँडचं भूत उतरवा

ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सुमारे ४१ लाख लॅपटॉप-बॅटऱ्या परत मागवल्या. त्या तापून पेट घेण्याचा धोका होता. काही दिवसांतच ॲपलने सुमारे १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या आणि पुढच्याच महिन्यात लेनोव्होवरही तीच वेळ आली. जाहिरातीत एकमेकांचे वैरी असलेल्या या तिघांच्या बॅटऱ्यांतले सेल मात्र एकाच कारखानदाराचे होते, सोनीचे. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिप्सच्या जोडणीत दोष निघाला, तेव्हाही डेल, एचपी आणि ॲपल तिघांचेही ग्राहक पोळले.

आजही चित्र फार वेगळं नाही. प्रोसेसर इंटेल, एएमडी, नाहीतर क्वालकॉमचा, पडदा मोजक्या कारखान्यांतला, रॅम (चालू कामापुरती स्मृती) आणि एसएसडी (फाइली साठवणारी चिप-डिस्क) त्याच ठरलेल्या कंपन्यांच्या. जुळणीसुद्धा बऱ्याचदा क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक अशा तैवानी कंपन्या करून देतात आणि त्यांच्यातली एकच कंपनी दोन-तीन स्पर्धक ब्रँडना माल पुरवते. ॲपलची स्वतःची चिप नोव्हेंबर २०२० पासून आली, तो एक मोठा अपवाद. पण ॲपललाही वाईट वर्षं चुकली नाहीत. २०१५ पासूनच्या त्यांच्या पातळ बटरफ्लाय कीबोर्डमध्ये धुळीचा कण गेला तरी एखादी की अडकायची. शेवटी २०१८ मध्ये कंपनीने फुकट दुरुस्तीची योजना काढली आणि पुढे ती रचनाच सोडून दिली.

मग विश्वासार्हतेच्या याद्यांचं काय? वाढीव वॉरंटी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये आपल्याकडे नोंदलेल्या सुमारे ३० हजार लॅपटॉपचा हिशेब मांडला होता. तीन वर्षांत जवळजवळ तीनांतला एक लॅपटॉप दुरुस्तीला आला होता. त्यांतले साधारण एक-तृतीयांश पडल्या-सांडल्यामुळे आणि बाकीचे आपणहून बिघडलेले. ब्रँडच्या यादीत सगळ्यात वर असूस आणि तोशिबा होते. ही यादी बघून तेव्हा लोकांनी डोळे मिटून तोशिबा घेतले असतील. त्याच तोशिबाने २०१८ मध्ये लॅपटॉपच्या व्यवसायातला मोठा हिस्सा शार्पला विकला आणि २०२० मध्ये उरलेलाही देऊन ती या धंद्यातून कायमची बाहेर पडली. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही : स्वस्त नेटबुक (छोटे, कमी ताकदीचे लॅपटॉप) महागड्या लॅपटॉपपेक्षा जास्त बिघडत होते. म्हणजे यंत्र कोणत्या दर्जाचं आहे यावरूनही टिकाऊपणाचा अंदाज येतो.

तेव्हा प्रश्न बदला. "कोणती कंपनी?" ऐवजी "कोणती मालिका?" असं विचारा.

पायरी ३ : मालिका ओळखा

प्रत्येक मोठी कंपनी दोन घरांत नांदते. एका घरात घरगुती ग्राहकांसाठीचे लॅपटॉप, दुसऱ्यात ऑफिसांना शेकड्याने विकायचे. लेनोव्होचे घरगुती म्हणजे आयडियापॅड, ऑफिसचे म्हणजे थिंकपॅड (हे नाव १९९२ पासूनचं, मुळात आयबीएमचं, २००५ मध्ये लेनोव्होने आयबीएमचा हा विभागच विकत घेतला). एचपीचे घरगुती पॅव्हिलियन (२०२४ पासून त्याच्या जागी ओम्निबुक हे नाव येऊ लागलं), ऑफिसचे प्रोबुक आणि एलिटबुक. असूसचे घरगुती व्हिवोबुक आणि झेनबुक, ऑफिसचे एक्स्पर्टबुक. एसरचे ॲस्पायर आणि स्विफ्ट एकीकडे, ट्रॅव्हलमेट दुसरीकडे. डेलचे इन्स्पिरॉन घरगुती आणि लॅटिट्यूड ऑफिसचे होते. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी नावं बदलली आणि ऑफिसवाल्यांना 'डेल प्रो' म्हणायला सुरुवात केली. जुना साठा जुन्याच नावाने विकला जातो, त्यामुळे बाजारात दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका.

ऑफिसवाल्या मालिका सहसा जास्त का टिकतात? हजार लॅपटॉप घेणारं गिऱ्हाईक बिघाड मोजून ठेवतं आणि पुढच्या खरेदीच्या वेळी तो कागद कंपनीसमोर ठेवतं. तुम्ही-आम्ही एकटे, चिडून बसतो आणि विसरतो. मोठ्या गिऱ्हाइकाच्या धाकाने या मालिकांची बिजागरी दणकट केली जाते, तेच मॉडेल जास्त काळ विकलं जातं, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात आणि माणूस घरी येऊन दुरुस्त करून देतो. बदल्यात पडदा बऱ्याचदा साधा, स्पीकर यथातथा आणि रूप अगदी सरकारी.

याचा अर्थ घरगुती मालिका टाकाऊ असा नाही. त्यांच्यातही वरच्या पायरीचे लॅपटॉप चांगले धातूचे, नीट बांधलेले असतात. आणि ऑफिसच्या घरातही सगळे सारखे नाहीत. थिंकपॅडच्या ई मालिकेवर नाव तेच असलं तरी बांधणी टी मालिकेइतकी भक्कम नसते. माझा ठोकताळा असा : तेवढ्याच पैशात एकीकडे घरगुती मालिकेतला भरपूर आकडे दाखवणारा आणि दुसरीकडे ऑफिसच्या मालिकेतला थोडा साधा लॅपटॉप मिळत असेल, आणि गेम किंवा एडिटिंग करायचं नसेल, तर दुसरा घ्या.

'मिलिटरी ग्रेड' या शिक्क्याला भुलू नका. मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकी सैन्यदलाचा चाचणीच्या पद्धती सांगणारा दस्तऐवज आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे लॅपटॉपची कंपनीच ठरवते आणि निकालही तीच सांगते. कोणी सैन्याधिकारी येऊन पास-नापास करत नाही.

पायरी ४ : पोटाखालचा नंबर वाचा

मालिकेचं नाव कळलं तरी काम संपत नाही. एकाच नावाखाली चार प्रकारचे पडदे, तीन प्रोसेसर आणि दोन आकारांच्या बॅटऱ्या विकल्या जातात. लॅपटॉप उलटा केला की खालच्या लेबलावर, किंवा खोक्यावर, अक्षर-आकड्यांचा एक लांबलचक मॉडेल क्रमांक असतो. तो टिपून घ्या आणि कंपनीच्या साइटवर टाकून बघा. नेमकं काय पदरात पडणार ते तिथे कळतं. विक्रेता "सेम टू सेम आहे" म्हणाला तरी क्रमांक ताडून बघाच.

प्रोसेसर. आय५ की आय७ एवढं बघून ठरवणारे हमखास फसतात. इंटेलच्या क्रमांकात आधीचे आकडे पिढी सांगतात आणि शेवटचं अक्षर स्वभाव सांगतं : यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे ताकदीचा. आय७-१३५५यू आणि आय५-१३५००एच शेजारी ठेवले, तर जड कामात आय५ पुढे जातो. त्याला १२ कोअर (एकाच वेळी राबणारे गाभे) आहेत, आय७ ला १०. उलट, दिवसभर बॅटरीवर लिखाण करायचं असेल तर यूवालाच सोयीचा. २०२३ च्या अखेरीपासून इंटेलने 'आय' गाळून 'कोअर अल्ट्रा' अशी नावं आणली आहेत.

एएमडीच्या ७००० मालिकेत तर वेगळीच मेख आहे. तिथे पहिला आकडा नवा दिसतो, पण आतली रचना किती जुनी हे तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५४०यू यांच्यात वीस आकड्यांचा फरक दिसतो, पण पहिल्यातली रचना २०१९ सालची झेन २ आहे आणि दुसऱ्यातली झेन ४. दोन्हींवर स्टिकर मात्र एकच, 'रायझन ५'. पुढच्या मालिकांत ही पद्धत पुन्हा बदलली, त्यामुळे नेमका क्रमांक टाकून शोध घेणं हाच खात्रीचा मार्ग.

२०२४ च्या मध्यापासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपवर चालणारे विंडोज लॅपटॉपही आले आहेत. बॅटरी छान टिकते. पण जुना प्रिंटर, एखादं खास यंत्र, काही गेम किंवा जुनं सॉफ्टवेअर त्यांच्यावर अडू शकतं. पहिल्या पायरीतली यादी इथे उपयोगी पडते.

रॅम. १६ जीबीच्या खाली जाऊ नका. ८ जीबीवर आज काम भागतं, पण ते वाढत्या मुलाला अंगाबरोबर कपडा शिवण्यासारखं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रॅम काढता-घालता येते की मदरबोर्डवर (मुख्य सर्किट-पाटीवर) डाख मारून पक्की बसवलेली आहे. माहितीपत्रकात एलपीडीडीआर लिहिलं असेल तर ती जवळजवळ नेहमी पक्की असते, नंतर वाढवता येत नाही. नुसतं डीडीआर४ किंवा डीडीआर५ आणि पुढे स्लॉटचा उल्लेख असेल तर वाढवता येते. पक्की रॅम वाईट नसते, बॅटरीच्या दृष्टीने उलट चांगलीच असते. पण मग पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यायला हवी. ॲपलच्या लॅपटॉपमध्ये तर रॅम आणि साठवण दोन्ही जन्माची गाठ आहे.

साठवण. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी, ५१२ जीबी. 'ईएमएमसी' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप तिथेच ठेवून द्या. ती साठवण संथ असते आणि बोर्डाला चिकटलेलीही.

पडदा. विक्रेते याबद्दल सगळ्यात कमी बोलतात, आणि आपण दिवसभर बघतो तो पडदाच. आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारा) असावा आणि प्रखरता निदान ३०० निट्स. खिडकीशी बसून काम करत असाल तर ४०० च्या आसपास. '४५ टक्के एनटीएससी' (पडदा किती रंग दाखवतो त्याचं माप) असं लिहिलेलं असेल तर रंग धुतल्यासारखे फिके दिसणार. लिखाणाला चालेल, फोटोंना नाही. ओलेडचे (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा पडद्याचे) रंग देखणे, पण काहींचे डोळे त्याच्या सूक्ष्म लुकलुकण्याने दुखतात. घ्यायच्या आधी अर्धा तास समोर बसून बघा.

पायरी ५ : हात लावून बघा

आता प्रत्यक्ष लॅपटॉप हातात घ्या. ऑनलाइनच मागवणार असाल तरी तेच मॉडेल कुठे बघायला मिळालं तर बघून या.

सगळ्यात आधी बिजागरी. घरगुती लॅपटॉपमध्ये मी सगळ्यात जास्त बघितलेला बिघाड हाच. होतं असं : बिजागरी धातूची आणि घट्ट असते, पण ती ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते प्लॅस्टिकच्या छोट्या खांबांत बसवलेल्या पितळी नटांत फिरतात. झाकण उघडताना दर वेळी त्या खांबांवर ताण येतो. दोन-तीन वर्षांनी एक खांब तडकतो, मग दुसरा, आणि एके दिवशी झाकण उघडताना कडेची पट्टी उकलून वर येते. माझ्या स्वतःच्या एका लॅपटॉपचं नेमकं हेच झालं, वॉरंटी संपून तिसऱ्या महिन्यात. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, नुसता खांब मिळत नाही, अख्खा सांगाडा बदलावा लागेल. मी बाहेरच्या कारागिराकडून डिंकासारखा एपॉक्सी भरून घेतला. तो जोड अजून टिकून आहे, पण झाकण उघडताना आजही श्वास रोखला जातो.

म्हणून झाकण एका बोटाने, मधोमध धरून उघडून बघा. खालचा भाग उचलला गेला तर बिजागरी फार घट्ट आहे. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला. करकर आवाज आला किंवा सांगाडा लवचिक वाटला तर समजून घ्या. कीबोर्डच्या मध्यावर बोटाने दाबा. पत्रा खाली बसत असेल तर टायपिंग करताना सतत जाणवेल. आणि घरी आणल्यावर लॅपटॉप कोपऱ्याला धरून उघडायची सवय असेल तर ती मोडा. त्यात सगळा ताण एकाच बिजागरीवर येतो.

मग पोर्ट. चार्जिंग टाइप-सीने होतं का? होत असेल तर असे दोन पोर्ट आहेत का, आणि जमल्यास दोन बाजूंना? टाइप-सी पोर्ट बहुधा थेट मदरबोर्डवर असतो. तो सैल झाला तर दुरुस्ती महागात पडते, तेव्हा दुसरा पोर्ट कामाला येतो. टाइप-सीचा मोठा फायदा म्हणजे चार्जर कुठलाही पुरेशा वॅटचा चालतो. ही पद्धत आधी १०० वॅटपर्यंत होती, २०२१ मध्ये ती २४० वॅटपर्यंत नेली गेली. युरोपीय संघाने तर २८ एप्रिल २०२६ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं आहे.

उष्णता दुकानात कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. खालच्या जाळ्या बघा. हवा फक्त खालूनच आत जात असेल तर गादीवर, उशीवर ठेवून काम करणाऱ्यांचा लॅपटॉप गुदमरणार. एकच प्रोसेसर पातळ अंगात जपून धावतो आणि जाड अंगात मोकळा सुटतो. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवलेलं असू शकतं, आणि नाव मात्र तेच. गेमसाठी घेणाऱ्यांनी वॅट किती ते विचारल्याशिवाय हो म्हणू नये.

पायरी ६ : बिघडल्यावर कोण येणार, ते आत्ताच विचारा

लॅपटॉप बिघडणार नाही अशी हमी कोणीच देत नाही. बिघडल्यावर किती दिवस हाल होतील हे मात्र आधी बऱ्यापैकी कळू शकतं, आणि माझ्या लेखी कंपनी निवडायची खरी वेळ इथे येते. दोन-तीन लॅपटॉप हाती उरले की हे प्रश्न विचारा.

दुरुस्तीला माणूस घरी येतो की लॅपटॉप नेऊन द्यायचा? नेऊन द्यायचा तर सर्वात जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे? शक्य असेल तर स्वतः तिथे एक चक्कर मारा. बाहेर ताटकळत बसलेल्या दोघा-तिघांना "किती दिवस झाले?" एवढंच विचारा. इंटरनेटवरचे शंभर अभिप्राय वाचून कळणार नाही ते पाच मिनिटांत कळेल. दोन लॅपटॉपपैकी थोडा डावा, पण ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि बरं आहे, तो मी घेईन.

वॉरंटीत बॅटरी किती काळ धरली आहे? लॅपटॉपला तीन वर्षं आणि बॅटरीला एकच असं बऱ्याचदा असतं. पडलं-सांडलं तर मिळतं का? सहसा नाही; त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. वर स्क्वेअरट्रेडचा हिशेब सांगितला, त्यात एक-तृतीयांश दुरुस्त्या अपघाताच्या होत्या, हे लक्षात घेऊन घरात लहान मुलं किंवा चहाचा कप सतत टेबलावर असेल तर हे संरक्षण घ्यावं. वाढीव वॉरंटी लॅपटॉपच्या कंपनीचीच घ्या. विक्रेत्याच्या नावाची असेल तर दुरुस्ती कोण करणार ते लेखी घ्या. दुसऱ्या देशात जाणार असाल तर ती तिथे चालते का तेही विचारा.

आणि उघडता येतो का? लेनोव्हो, डेल आणि एचपी आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका साइटवर फुकट ठेवतात. ती उतरवून घ्या आणि बॅटरी बदलण्याचं पान काढा. चार स्क्रू काढले की बॅटरी सुटत असेल तर उत्तम. आधी मदरबोर्ड, मग कीबोर्ड असा क्रम असेल किंवा बॅटरी गोंदाने चिकटवलेली असेल तर तीन-चार वर्षांनी त्रास होणार हे ठरलेलं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं. तुम्ही कुठेही राहत असा, तेच मॉडेल तिथे विकलं गेलं असेल तर हे गुण शोधून बघता येतात. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने तर पोर्टपासून मदरबोर्डपर्यंत सगळं घरच्या घरी बदलता येईल असाच लॅपटॉप २०२१ मध्ये आणला. पण ही कंपनी सगळीकडे विकत नाही.

पायरी ७ : अभिप्राय वाचायचे, पण चाळणी लावून

"कालच मिळाला, मस्त आहे" हे टाका. "खोकं चेपलेलं होतं" हेही टाका. सहा महिने-वर्ष वापरलेल्यांचं तेवढं वाचा. मग मॉडेलच्या नावापुढे 'बिजागरी', 'बॅटरी फुगली', 'पडदा चमकतो', 'चार्ज होत नाही' असे शब्द टाकून शोधा, इंग्रजीतही. शिव्याशाप सगळ्याच लॅपटॉपना मिळतात. आपण बघायचं ते एवढंच की वेगवेगळे लोक एकाच भागाबद्दल तक्रार करतायत का. दहा जणांच्या दहा वेगळ्या तक्रारी असतील तर मी फारसं मनावर घेत नाही. पाच जणांनी 'डावी बिजागरी' लिहिलं असेल तर ते मॉडेल सोडतो.

अगदी नुकत्याच आलेल्या मॉडेलबद्दल असं काही सापडणारच नाही. घाई नसेल तर त्याच मालिकेचं आदल्या वर्षीचं मॉडेल बघा. त्याचे गुणदोष एव्हाना उघड झालेले असतात.

पायरी ८ : जुना घ्यायचा असेल तर

ऑफिसांनी तीन-चार वर्षं वापरून काढलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक दुरुस्त होऊन पुन्हा विक्रीला येतात. नव्या पण हलक्या दर्जाच्या लॅपटॉपपेक्षा असा जुना मला केव्हाही बरा वाटतो. फक्त काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालणारा लॅपटॉपच घ्या. ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची, नाहीतर रायझन ३००० किंवा त्यापुढचे, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. विक्रेत्याने काहीतरी युक्ती करून जुन्या यंत्रावर विंडोज ११ घालून दिलेलं असतं, म्हणून नुसतं पडद्यावर दिसतंय यावर जाऊ नका, प्रोसेसरचा क्रमांक बघा. क्रोमबुक (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) घेत असाल तर त्या मॉडेलचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत आहेत ते गूगलच्या यादीत दिसतं. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना दहा वर्षं मिळतात.

बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. विंडोजमध्ये ती सोय आतच असते. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता असे दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्याच्या पाऊणपटीहून कमी असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच बोलणी करा. मॅकबुकमध्ये चार्जिंगची किती आवर्तनं झाली ते बघा. अलीकडच्या मॅकबुकची बॅटरी १,००० आवर्तनांसाठी धरलेली असते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुलूप. बायोसचा (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) पासवर्ड काढलेला आहे ना? विंडोज नव्याने सुरू करताना आधीच्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागत नाही ना? मॅकबुक असेल तर आधीच्या मालकाच्या खात्याचं ॲक्टिव्हेशन लॉक निघालंय ना? ही कुलपं राहिली तर लॅपटॉप उत्तम चालता असूनही तुमच्या उपयोगाचा नाही.

पायरी ९ : घरी आणल्यावरचे पंधरा दिवस

परत करण्याची मुदत असेपर्यंत लॅपटॉपला अजिबात जपू नका. खोकं आणि बिल ठेवा. मॉडेल क्रमांक माहितीपत्रकाशी ताडून बघा. रॅम आणि एसएसडी सांगितल्याएवढीच आहे ना? अनुक्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी तुमच्या खरेदीच्या तारखेपासून धरली आहे ना हे बघा. ती आधीच सुरू झालेली दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्या.

पडदा पूर्ण काळा, मग पूर्ण पांढरा करून अंधाऱ्या खोलीत बघा. ठिपके आणि कडेने झिरपणारा उजेड दिसेल. प्रत्येक की दाबा, प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावा, कॅमेरा आणि माइकवर एक व्हिडिओ कॉल करा. मोठी फाइल उतरवत, व्हिडिओ चालू ठेवून तासभर राबवा. पंखा वाजेल, ते चालतं. पण लॅपटॉप आपोआप बंद पडला तर त्याच दिवशी परत करा. झाकण मिटून रात्रभर झोपवून ठेवा आणि सकाळी बॅटरी किती उरली ते बघा. ती निम्म्यावर आली असेल तर काहीतरी बिनसलंय.

लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावर चार्जरला लावूनच असणार असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय चालू करा. बहुतेक कंपन्या ती आपल्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये देतात. लिथियम बॅटरीला सतत पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. दोन्ही एकत्र आल्या की ती लवकर म्हातारी होते, कधी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा खालचं झाकण नीट बसेना झालं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. फुगलेली बॅटरी टोचून, दाबून बघायची नाही.

आणि एक काम लोकांच्या हमखास राहून जातं. नव्या विंडोज लॅपटॉपवर साठवण बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद (एन्क्रिप्ट) होते. उद्या वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की सुरू होताना लॅपटॉप ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, पण ते खातं कोणत्या ईमेलवर उघडलं होतं हेच ऐन वेळी आठवत नाही. आजच ती की कागदावर उतरवून बिलाच्या पाकिटात ठेवा. आणि दुरुस्तीला देण्याआधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, कारण सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर बारीक अक्षरात 'डेटाची जबाबदारी आमची नाही' असं छापलेलं असतंच.